सतरा नंबरचा स्वभाव

४ जानेवारी २०१५, रविवार
नवी वही. पहिलं पान चांगल्या आठवणीनं सुरू करावं, असं कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या. म्हणून ही.

डिसेंबर १९८२, वसई, आमच्या घराचा ओटा. साखरपुडा होऊन आठवडा झालेला. व्हॅलेंटाईन आणि मी एकाच कपबशीतून चहा पीत होतो, मी कपातून, तो बशीतून. शेजाऱ्यांचा बैल दावं तोडून अंगणात आला आणि त्यानं सरळ माझ्या मांडीवर हनुवटी टेकली. व्हॅलेंटाईन म्हणाला, रेजिना, जनावरं तुला ओळखतात. (मांडीवर बिस्किटांचा पुडा होता, पण तो मुद्दा नाही.)

व्हॅलेंटाईनला जाऊन सहा वर्षं झाली, आणि ते वाक्य आज कामाला आलं. इथं आखातात, फार्मवर, अर्बाबनी (म्हणजे मालकांनी) ऑफिसात बोलावलं. ऑस्ट्रेलियाहून मांसासाठी तीन जातींचे खोंड आणलेत, तीन कळप. हाताळायला शांत जात कोणती, शोमध्ये मिरवायला कोणती, असा रिपोर्ट हवाय. सगळ्यात तापट जात विकून टाकणार, गिऱ्हाईक म्हणजे निझवाचा खाटीक. तेरा फेब्रुवारीला बरका गावात जनावरांचा शो. ऑस्ट्रेलियन सल्लागार गेल्या महिन्यात निघून गेला, आणि फार्मवर नीट इंग्रजी लिहिणारी मी एकटीच. बावीस वर्षं यांची पत्रं टाइप करतेय, पण हे काम वेगळं.

मी धीर करून विचारलं, एक मार्चला मला साठ पूर्ण होतील, व्हिसा संपेल. रिपोर्ट चांगला झाला तर सल्लागार म्हणून ठेवाल का? अर्बाब म्हणाले, इन्शाल्ला.

म्हणजे ठरलं.

५ जानेवारी
संकल्प. काम शास्त्रीय पद्धतीनं. प्रत्येक जातीचा एक खोंड घ्यायचा आणि रोज मार्क द्यायचे. एक म्हणजे शांत, पाच म्हणजे जिवाला धोका. जनावरांना नावं द्यायची नाहीत, कानातल्या बिल्ल्याचा नंबर पुरे. लळा लावायचा नाही. बिस्किटं बंद, माझीसुद्धा.

अकरा नंबर अँगस. काळाभोर, सूट घातलेल्या बँक मॅनेजरसारखा. चौदा नंबर हेरफर्ड. तांबडा, तोंड पांढरं, झोपाळू. सतरा नंबर लिमोझाँ, फ्रेंच. कामगार त्याला लिमोझिन म्हणतात, गाडीसारखं. सारखी मान वर, कान टवकारलेले. पुस्तकातही लिहिलंय की ही जात बुजरी असते.

११ जानेवारी
आठवड्याचे मार्क. अकरा: एक. चौदा: दोन. सतरा: चार. आज त्यानं बादली लाथाडली, माझ्या सँडलवर पाणी.

वेळापत्रक चांगलं बसलंय. साडेसातला घरून, वादी अदाईहून व्हॅन, नऊला फार्म. नऊला अकराच्या तोंडाला म्होरकीची दोरी बांधून चार पावलं चालवते, साडेदहाला चौदाला. मग अर्बाबची पत्रं. साडेबाराला सतरा, तोवर गोठ्याचा पत्रा तापलेला असतो. गुडघे दुखतात. पण शास्त्र आहे.

बाबामियाँ म्हणजे आमचा जनावरं बघणारा, रत्नागिरीचा. आज मध्येच म्हणाला, बाय, तुमी येता नऊला. तवर मी अकराला नि चवदाला दोन-दोन मैल फिरवून आनतंय. चालून दमला की मानूस पन गपच बसनार. सतराला फिरवाया मला टायमच नाय.

त्याला समजावलं की ते फिटनेस झालं, मी स्वभाव मोजतेय. तो म्हणाला, बरां बाय. समजूतदार आहे.

१४ जानेवारी
डबा खायला फार्मवर एकच जागा. सतराच्या कुंपणाला लागून कडुनिंबाचं झाड आहे, तिथं सावली असते आणि समुद्राकडून थोडा वारा. तिथं खुर्ची टाकली. सतरा लांब कोपऱ्यात. मी आपली बोलत होते, मराठीतच, कारण बाबामियाँ जेवायला खोलीवर गेला की इथं मराठी बोलायला दुसरं कोण आहे? घरी जेनेट आहे, व्हॅलेंटाईनची भाची, पण ती मुलांशी इंग्रजीत आणि माझ्याशी घाईत बोलते.

सतराला व्हॅलेंटाईनचं सांगितलं. वादी अदाईच्या खोलीत पहिल्या रात्री एसी नव्हता, तर यानं ओली चादर खिडकीला लावली आणि म्हणाला, वसईचा वारा आला बघ. वारा आला नव्हता. मी हो म्हटलं होतं.

मान वळवली तर सतरा कुंपणाजवळ उभा.

हे मार्कांत धरलेलं नाही. जेवणाची सुट्टी रिपोर्टात धरत नाहीत.

२१ जानेवारी
एक बिस्कीट दिलं. चहात बुडवलेलं होतं आणि मला नको झालं होतं. टाकून देणं पाप.

सतराचे साडेबाराचे मार्क अजून चारच. एक वाजता तोच प्राणी माझ्या खांद्यावरून डब्यात बघतो. फ्रेंच जात, मूडी. पुस्तकात मूडीसाठी वेगळे मार्क नाहीत.

२५ जानेवारी
रिपोर्ट दिला. सात पानं, समासासकट. शेवटच्या पानावर निष्कर्ष: अँगस सर्वोत्तम, शोसाठी एकमेव. हेरफर्ड समाधानकारक. लिमोझाँ हाताळणीस अयोग्य, ठेवू नये. ‘ठेवू नये’ला जरा हात अडखळला. पण सल्लागारानं कणखर असावं.

अर्बाबनी फक्त शेवटचं पान वाचलं. म्हणाले, खलास, व्हेरी गुड. शोमध्ये काळ्याला मी स्वतःच फिरवेन म्हटलं. ते हसले. खूश दिसले.

घरी जेनेट म्हणाली, मामी, फार्मच्या ऑफिसातून फोन होता, तुझं मुंबईचं तिकीट अठ्ठावीस फेब्रुवारीचं चालेल का? वार्षिक रजेचं असणार. वन वे आहे म्हणे. परतीचं तिथून स्वस्त पडतं.

जेनेट ताटं उचलून आत गेली. दमलेली असते बिचारी.

२६ जानेवारी
बाबामियाँ तीन आठवड्यांच्या रजेवर गेला, मुलीचं, झरीनचं लग्न. जाताना म्हणाला, बाय, काळ्याला रोज फाटेचा फिरवा हां, नायतर तो काय आयकनार नाय. मी म्हटलं, बाबामियाँ, अँगस आहे तो, जन्मजात शांत. तो म्हणाला, तेला कुनी सांगितलाव काय पन?

२ फेब्रुवारी
अकरा: तीन. हवा बदलली आहे.

उद्यापासून पहाटेच्या टॅक्सीनं येऊन त्याला फिरवायचं. नक्की.

३ फेब्रुवारी
जाग आली नाही. उद्या.

८ फेब्रुवारी
अकरा: चार. मी नवीन सेंट लावला होता, त्यामुळे. चौदा उठतच नाही, म्हणून एक. सतराला म्होरकी बांधायचं राहूनच गेलं, तो कुंपणातून डोकं बाहेर काढून आपणहून उभा राहिला. मार्क दिले नाहीत. रिपोर्ट देऊन झालाय, आता आकडे बदलणं शास्त्रीय नाही.

गुडघ्यांना मलम. पहाटेचं उद्यापासून.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, रात्री
चर्च (इथं ते शुक्रवारी) बुडवून शो. लिहायचं नव्हतं, पण वही कुणी वाचत नाही.

रिंगणात लाउडस्पीकर सुरू झाला आणि अकरा निघाला. मी दोरीच्या दुसऱ्या टोकाला. सिस्टर शिकवायच्या की मुलींनो, काहीही होवो, पाठ ताठ आणि हनुवटी वर. मी दीड फेरी पाठ ताठ ठेवून ओढली गेले. मग परीक्षकांचं चहाचं टेबल आलं.

चौदा ट्रेलरमधून उतरलाच नाही. आत झोपला.

सतराला खाटकाला दाखवायला आणलं होतं, मागे बांधून. कुणी सोडलं माहीत नाही. मी जमिनीवर बसून चष्मा शोधत होते, तर मानेवर गरम श्वास. सतरा. एवढ्या गर्दीतून, एवढ्या आवाजातून कुणालाही धक्का न लावता आला होता, आणि माझ्या पर्समध्ये तोंड घालून बिस्किटं शोधत होता. मी त्याची मान धरून उठले, आणि आम्ही दोघं चालत बाहेर आलो. दोरी नव्हतीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रमच आहे.

अर्बाब आले. शांत होते, त्याचीच भीती वाटली. विचारलं, मॅडम, हा कोणता? मी म्हटलं, सतरा. ते म्हणाले, शेवटच्या पानावरचा? मी मान खाली घातली. त्यांनी निझवाच्या माणसाला शब्द दिलाय. अख्खा लिमोझाँ कळप, बुधवारी ट्रक येणार.

मी म्हटलं, रिपोर्ट चुकला, अर्बाब. मी जात मोजली नाही, मी बाबामियाँची सकाळ मोजली. आणि जे खरं मोजायचं ते जेवणाच्या सुट्टीत होतं. निदान हा एक ठेवा.

अर्बाब हळू आवाजात म्हणाले, इन्शाल्ला.

या देशात आल्यापासून एकतीस वर्षं हा शब्द ऐकतेय. आज पहिल्यांदा त्यातला नकार ऐकू आला.

१४ फेब्रुवारी
व्हॅलेंटाईनचा वाढदिवस. जेनेटनं केक आणला. तिला म्हटलं, तिकीट अठ्ठावीसचंच राहू दे. तिनं माझा हात धरला आणि मराठीत म्हणाली, मामी, मला माहीत होता. माहीत होतं, असं सुधारलं नाही मी.

१८ फेब्रुवारी, भस्म बुधवार
ट्रक सकाळी अकरा वाजता आला. बाकीचे लिमोझाँ चढले. सतरा चढेना. चौघांनी ओढलं, एकाला त्यानं कुंपणावर दाबलं. बाबामियाँ कालच रजेवरून आलाय, त्यानंही हात टेकले. मग ऑफिसात माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, बाय, ते लोक काठ्या काढतायत.

मी गेले. म्होरकी बांधली. त्याला सांगितलं, चल. फळीवर मी पुढे, तो मागे. ट्रकमध्ये उभा राहून त्यानं खांद्यावरून पर्सकडे बघितलं. दोन बिस्किटं दिली.

म्होरकी काढून घेतली. फळी उचलली.

सतरा: एक.

संध्याकाळी रुवीच्या चर्चला जाऊन कपाळावर राख लावून घेतली. ‘या उपासाच्या दिवसांत मटण-बीफ सोडणार’ असं दर वर्षी लिहिते आणि दुसऱ्या आठवड्यात मोडते. या वेळी लिहीत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
बॅग तेवीस किलो. बाकी कुणाला काय, ते जेनेटसाठी इथं लिहून वही तिच्या टेबलावर ठेवते. मागची पानं वाचू नयेत.

व्हॅलेंटाईनचा रेडिओ आणि चांगले कपबशीचे जोड जेनेटला. एका जोडाची बशी आहे, कप नाही. ती बशी माझ्या बॅगेत आहे, शोधू नये.

गुडघ्याचं मलम आणि माझी खुर्ची बाबामियाँला. खुर्ची कडुनिंबाखालीच राहू द्यावी. झरीनला आहेर म्हणून निळी साडी, तिला चालत नसेल तर तिच्या सासूला.

जनावरांवरचं इंग्रजी पुस्तक ऑफिसला. रिपोर्टची कार्बन कॉपी कुणालाही नाही.

अकराला नवा ब्रश. त्याच्यावर माझा राग नाही, तो फक्त फिरायला मागत होता. पहाटे.

सतराची म्होरकी मी नेतेय. विमानतळावर विचारलं तर काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

बिस्किटांचा पुडा अर्धा उरलाय. बाबामियाँनं तो सतराच्या रिकाम्या जागेत जो येईल त्याला द्यावा. जात विचारू नये. एक वाजता, सावलीत, चहात बुडवून. एका वेळी एकच.