गोखिवऱ्याची ब्रॅनिगन

वटार, वसई
१२ नोव्हेंबर २०१३

चि. भावेशला द्वारकाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू कुणीतरी मागे लागल्यासारखा बोलतोस, कागदावर निदान दोन घटका बसतोस. म्हणून सांगते, फोन आजारपणाच्या बातम्यांना राहू दे, आपलं बोलणं पत्रातच बरं.

तर तुझ्या कंपनीनं आमची सॅम्पलं पास केली! यांना गोखिवऱ्याच्या गाळ्यात मेल आला आणि हे तसेच पेढे घेऊन घरी. आजवर जिन्याचे कठडे आणि हॉटेलांचे ट्रे करणारा माणूस आता अमेरिकेच्या मोटारींचं सामान करणार. सायलेन्सरच्या नळीचं ते मागचं चकचकीत तोंड यांनी देवापुढे ठेवलं. मला वाटलं फुलदाणी आहे, म्हणून मी त्यात चार सोनचाफे खोवले. हे इतके चिडले की तुझी भाची पूर्वी हसून हसून जमिनीवर बसली. नंतर तेही हसले. म्हणाले, तुझ्या भावानं शब्द टाकला नसता तर गोखिवऱ्याचं नाव तिकडे कुणी ऐकलं असतं?

एक मात्र मला समजत नाही. इथे पोरं मोटरसायकलचे सायलेन्सर काढून फिरतात म्हणून सगळा गाव त्यांना शिव्या घालतो, आणि तुला गाडीचा आवाज वाढवायचा पगार मिळतो. लग्नही त्या गाडीशीच लावलंस म्हणायचं. असो. थंडीत कानटोपी घाल.

आहे ही माया अशीच राहू दे.
तुझी ताई

---

डेट्रॉइट
२० ऑगस्ट २०१४

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

अजून तुझं तेच? आवाज वाढवायचा नाही गं, घडवायचा. तबल्याला शाई लावणाऱ्याला कुणी गोंगाट करणारा म्हणतं का?

तू विचारलंस म्हणून आमच्या ब्रॅनिगन कंपनीची कूळकथा सांगतो. एर्नी ब्रॅनिगन नावाच्या शर्यतीच्या गाड्यांच्या मेकॅनिकनं एका शेतावरच्या कोठारात पहिली गाडी बांधली. तिचं नाव बायसन, म्हणजे आपला गवा. पुढच्या दहा वर्षांत इथल्या प्रत्येक तरुण पोराला ती हवी होती. मग तेल महागलं, गवा रोडावला, म्हातारा कर्जात मेला आणि एका बड्या कंपनीनं त्याचं नाव विकत घेऊन माळ्यावर टाकलं. ते नाव आम्ही खाली उतरवलं. आम्ही म्हणजे मी, आपल्या शेजारच्या गावचा ॲल्रॉय आणि आणखी काही वेडे.

दर ऑगस्टला इथल्या मोठ्या रस्त्यावर जुन्या-नव्या गाड्यांची मिरवणूक निघते. परवा आमचा नवा गवा तिथे नेला. ॲल्रॉयनं इंजिन चालू केलं तेव्हा कडेला खुर्ची टाकून बसलेले एक आजोबा उठून उभे राहिले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, माझी पहिली गाडी अशीच बोलायची. मी मात्र मागच्या बाजूला वाकून भावोजींच्या चार नळ्या पाहत होतो. त्यांत आभाळ दिसत होतं. हे माझ्या बहिणीच्या घरचं काम आहे, असं मी दिसेल त्याला सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा ॲल्रॉयनं क्रूसाची शपथ घेतली!

वर्षभराच्या गाड्या आधीच विकल्या गेल्यात. भावोजींना सांग, हात वाढवावा लागेल. पूर्वीला आशीर्वाद.

लोभात अंतर पडू देऊ नकोस.
तुझा भावेश

---

वटार, वसई
७ फेब्रुवारी २०१६

चि. भावेशला अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाळ्याशेजारचा दुसरा गाळा घेतला. त्यासाठी वाडीचा पश्चिमेकडचा भाग दिला, हे तुला ठाऊकच आहे, सही तुझीही आहे. पण सही करणं वेगळं आणि बघणं वेगळं. काल डंपर आले आणि त्यांनी बावखल बुजवायला घेतलं. ज्या तळ्याचं पाणी आजोबांपासून आपल्या केळींनी प्यायलं, त्यात मुरूम पडताना मी बांधावर उभी होते. मासे बादल्यांतून नेऊन शेजारच्या बावखलात सोडले. कासव सापडलं नाही.

हे म्हणतात, फुलं सणापुरती, नळ्या बारा महिने. खोटं तरी कसं म्हणू? गाळ्यात आता दोन पाळ्या चालतात. कामगारांनी बायकामुलं आणली, गोखिवऱ्यात खोल्या घेतल्या. यांनी दारावर पाटी लावली आहे, तिच्यावर गवा काढून घेतलाय. तो म्हशीसारखा दिसतो, पण तू यांना सांगू नकोस.

मी एकदाच विचारलं, की एवढा पसारा एकाच गिऱ्हाइकावर का? हे म्हणाले, एकच आहे, पण अमेरिका आहे. हल्ली यांची मान ताठ असते, सासरच्या लग्नांत लोक उठून खुर्ची देतात. इतकी वर्षं वाट पाहिली त्यांनी या खुर्चीची. मी कशाला मोडता घालू?

तू दिवाळीला येतो म्हणालास आणि आला नाहीस. आठवण ठेव.
तुझी ताई

---

डेट्रॉइट
१५ सप्टेंबर २०१९

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र नीट वाच आणि भावोजी शांत असतील तेव्हा त्यांच्याशी बोल. मी फोन केला होता. गाळ्यात गडबड आहे म्हणाले आणि ठेवला.

कंपनीत वरची माणसं बदलली आहेत. आमच्या गाड्या तेल फार पितात, धूर फार सोडतात, त्याचा सरकारी दंड वाढत चाललाय. नव्या साहेबांनी ठरवलंय की काही वर्षांत पेट्रोलचं इंजिन बंद करायचं. पुढचा गवा बॅटरीवर. हे अजून जाहीर झालेलं नाही, मी लिहितोय हेही बरोबर नाही. पण ताई, बॅटरीच्या गाडीला धूर नसतो. धूर नाही म्हणजे सायलेन्सर नाही. सायलेन्सर नाही म्हणजे नळीला तोंडही नाही. ऑर्डर कमी होणार नाही, संपणार आहे.

भावोजी कर्ज काढून जर्मन मशीन घेतायत असं पूर्वीकडून कळलं. ते थांबव. दुसरी गिऱ्हाइकं बघा म्हणावं. अजून वेळ आहे. मी सांगितलं म्हणून ते या धंद्यात उतरले, आता मीच सांगतोय म्हणून त्यांनी ऐकावं.

उत्तर लवकर दे. माया असू दे.
भावेश

---

वटार, वसई
३ नोव्हेंबर २०१९

चि. भावेशला आशीर्वाद. वि. वि.

बोलले. हे जेवायला बसले होते. ऐकून घेतलं आणि ताट सरकवलं.

त्यांचं म्हणणं असं, की ज्या आठवड्यात तुझं पत्र आलं, त्याच आठवड्यात तुमच्या खरेदीखात्याकडून आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर आली. मग खरं कुणाचं, कंपनीचं की कंपनीतल्या नोकराचं? मी म्हटलं, भावेश कशाला खोटं सांगेल? तर म्हणाले, आपला माणूस मोठा झालेला आपल्याच माणसाला बघवत नाही. आणि या घरात पुन्हा त्याचं नाव नको.

भावेश, मी हे तुझ्यापासून लपवू शकले असते. पण मग पत्रं लिहायची कशाला?

मशीन आलं. पूजा झाली, मीच ओवाळलं. इतकं सुंदर यंत्र आहे रे, घासलेल्या नळीत स्वतःच्या पापण्या मोजता येतात. यापुढे मी पत्र पूर्वीच्या हाती देईन, ती फोटो काढून तुला पाठवेल. यांना दुखवायचं नाही आणि तुलाही सोडायचं नाही, एवढंच जमवते आहे.

रागावू नकोस. माझ्यावर तरी नको.
ताई

---

डेट्रॉइट
२२ डिसेंबर २०२३

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

त्या मोठ्या ऑर्डरचं कोडं तुला एव्हाना उमगलं असेल. पेट्रोलच्या गाड्या संपणार अशी कुणकुण लागली तशा लोकांनी त्या दुपटीनं घेतल्या. कंपनीनंही 'शेवटची आवृत्ती' म्हणून दरवर्षी नवी काढली. कोविडनंतर तर मागणी आणखी वाढली. विझायच्या आधीची ती ज्योत सगळ्यांना सूर्योदय वाटली. भावोजींना एकट्यानं काय दोष द्यायचा?

मागच्या आठवड्यात शेवटचा पेट्रोलचा गवा बाहेर पडला. कारखान्यातल्या माणसांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला आपापली नावं लिहिली. मी मराठीत लिहिलं.

त्याआधी मला आणि ॲल्रॉयला एक काम दिलं होतं. त्या इंजिनाचा आवाज टेप करायचा आणि बॅटरीच्या गाडीखाली लाऊडस्पीकर बसवून तो वाजवायचा. ॲल्रॉयनं साहेबांना सांगितलं की मेलेल्या माणसाच्या तोंडात रेकॉर्ड घालून मी वाजवणार नाही. त्याला काढलं. तो आता मुलीकडे कॅनडात आहे, फोन उचलत नाही. मी ते काम केलं. चांगलं केलं. एका जुन्या गिऱ्हाइकाला गाडीत बसवून ऐकवलं. त्यानं ते ऐकलं आणि हे बंद करायचं बटण कुठे आहे, असं विचारलं.

तुमचा शेवटचा कंटेनर आला तेव्हा गोदामात गेलो होतो. भावोजींना दुसरं काही काम मिळालं का? त्यांना न विचारता मला कळव.

तुझा
भावेश

---

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
१८ जून २०२४

चि. भावेशला अनेक आशीर्वाद. वि. वि.

वरचा पत्ता टिपून ठेव. चौथा मजला, लिफ्ट आहे.

उरलेली वाडी आणि घर दोन्ही बँकेच्या कर्जात गेलं. ते तुला फोनवर सांगितलंच आहे. शेजारच्या ज्ञानदावहिनी मालवणकडच्या आहेत, पहिल्याच दिवशी चहा घेऊन आल्या. माणसं चांगली आहेत. पण काल देवपूजेला बसले आणि लक्षात आलं, फुलं नाहीत. खाली जाऊन सोनचाफ्याची पुडी आणली. आयुष्यात पहिल्यांदा देवाला विकतची फुलं वाहिली.

यांनी प्रयत्न केले रे. दारोदार फिरले. मोटरसायकलवाल्यांना स्वस्तातला माल हवा, तो या मशीनवर परवडत नाही. ट्रे आणि कठडे करायला गेले तर ते काम आता दुसऱ्यांकडे. कामगार एकेक करून गेले. तरी हे रोज सकाळी डबा घेऊन निघतात, शटर उघडतात आणि बसतात. मागच्या महिन्यात एकदा डबा विसरले म्हणून मी घेऊन गेले. तर पडून राहिलेल्या तयार नळ्या पुन्हा मशीनवर घासत होते. बोटं काळी. काय करताय विचारलं, तर म्हणाले, धूळ बसते. त्या दिवसापासून फारसं बोलतच नाहीत. पूर्वी डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या दिल्यात. त्यांनी झोप लागते फक्त.

तू तुझी काळजी घे. आता मला काळजी करायला जागा कमी आहे.
ताई

---

डेट्रॉइट
१० मार्च २०२५

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

ब्रॅनिगन संपली. कमी केली नाही, पुढे ढकलली नाही, संपली. बॅटरीचे गवे कुणी घेतले नाहीत. मैदानात रांगेनं उभे आहेत, त्यांच्यावर बर्फ साचलाय. ज्यांना गवा हवा होता त्यांना बॅटरी नको होती, आणि ज्यांना बॅटरी हवी होती त्यांना गव्याशी काय करायचंय? साहेबांनी सभेत सांगितलं की हे नाव यापुढे वापरलं जाणार नाही. मग प्रत्येकाला सामान न्यायला एकेक खोका दिला. माझ्या खोक्यात कानटोपी आणि चहाचा मग एवढंच निघालं.

ताई, मला घरी यायचंय. घर नाही हे मला माहीत आहे. तरी डोळे मिटले की ओटीवरच उतरतो. इथे माझ्यासाठी थांबेल असं कुणी नाही आणि या वयात मला शिकवून घेईल असंही कुणी नाही. भावोजींना चालणार नसेल तर स्पष्ट सांग. मी जवळपास खोली बघेन.

भावेश

---

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
२ एप्रिल २०२५

चि. भावेशला अनेक आशीर्वाद. वि. वि.

ये. हॉलमध्ये दिवाण आहे. खोलीबिली काही बघायची नाही.

गाळा गेला. मशीन आधीच गेलं होतं. उरलेल्या नळ्या न्यायला भंगारवाला सोनू टेम्पो घेऊन आला. मी मुद्दाम सोबत गेले. यांनी रद्दी आणवली आणि हे एकेक नळी कागदात गुंडाळून त्याच्या हातात देऊ लागले. सोनू भला पोरगा, म्हणाला, काका, वितळवायलाच जाणार आहे, कशाला त्रास घेता? यांनी ऐकलं नाही. शेवटची नळी गुंडाळेपर्यंत तोही बिचारा उन्हात उभा राहिला.

घरी आल्यावर मी तुझं पत्र यांच्यापुढे ठेवलं. लपवायचा कंटाळा आला होता. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि पेन मागितलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

ताई

चि. भावेश, आशीर्वाद. तू ये. तुझ्या बहिणीला तुझी गरज आहे, माझा आता तिला उपयोग नाही. पण निघण्याआधी एक काम कर. इतक्या वर्षांत आपला एकही नग तिकडून नापास होऊन परत आला नाही. एकही नाही. हे कंपनीत कोणाला तरी सांग. मेल करू नकोस, तोंडानं सांग.
शत्रुघ्न

---

डेट्रॉइट
२० एप्रिल २०२५

ती. भावोजींस कृ. सा. न. वि. वि.

आज कारखान्यावर गेलो होतो. भिंतीवरची अक्षरं काढून नेली आहेत, त्यांच्या जागी भिंत तेवढी गोरी दिसते. आत कुणी नाही. खरेदीखात्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. फाटकावर जेन्सन नावाचा नवा पहारेकरी होता. त्यानं ब्रॅनिगन कधी चालवलेली नाही, तो दुसऱ्या एजन्सीचा माणूस आहे.

त्यालाच सांगितलं. भारतात वसई म्हणून एक गाव आहे, तिथे शत्रुघ्न नावाचे माझे भावोजी आहेत, या गाड्यांच्या नळ्या त्यांनी केल्या आणि त्यातली एकही कधी परत गेली नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग म्हणाला, आतून यंत्रं भरलेला ट्रक निघतोय, तुमची गाडी जरा बाजूला घ्या.

मी घेतली.

मे महिन्यात येतो. ताईला नमस्कार सांगा. तुमच्या घरात माझं नाव पुन्हा घेतलंत, तेवढा लोभ मला पुरेल.

आपला
भावेश