जाईने सांगितलेला शब्द

प्रिय जाई,

उद्या मी पेणच्या पोलीस ठाण्यात जाऊन तुझ्याबद्दलचा जबाब बदलणार आहे. त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं, म्हणून हे लिहितेय.

मिठागरावर आपण वाढलो. आई तुझे केस कापायला बसली की तू रडायचीस. मी तुझं डोकं धरून ठेवायचे. का रडतेस, हे एकदाही विचारलं नाही.

धाटावच्या कंपनीत लागल्यावर तू वरसेला माझ्या घरी आलीस, साडी नेसून. भाकऱ्या थापता थापता मी विचारलं, "पेपरात तृतीयपंथी छापतात, गावात हिजडा म्हणतात. तू नक्की कोण गो?"

"ताय, मी पारलिंगी. जन्मले तवा सुइणीनं मुलगा सांगितला, पण मी बाई हाय. एवढाच अर्थ."

"मग हिजडा?"

"त्यांच्यात गुरू असतो, घराणं असतं. मी त्यांच्यात गेले नाय. कंपनीच्या बसमधल्यांना अर्थाशी काय घेणं? मला खाली उतरवायला तो शब्द वापरतात."

पुढच्या वेळी तू म्हणालीस, "आता बसमधी कोण कायच बोलत नाय. चिडवणारे ते तिघं नुसते बघतात. माझ्याच स्टॉपवर उतरतात."

मी म्हटलं, "बरं झालं, गप्प बसले." कसं म्हणवलं मला? चार दिवस इथंच राहा, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

आठवड्याने तू धरमतरच्या खाडीत सापडलीस. अंगावर शर्ट-पँट. तुझ्याकडे पँट उरली होती कुठे? पोलिसांनी कागदावर तुझं जुनं नाव लिहिलं, पुढे पुरुष, पाय घसरून अपघाती मृत्यू. खाली मी सही केली.

आज सकाळी काका आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "जाऊ नको गो. पहिल्यांदा मलाच दिसली ती. शर्ट मीच चढवला, घराची अब्रू राहावी म्हणून. साडी फाडलेली होती."

म्हणजे पाय घसरला नव्हता, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं मी जातेय ते?" मी विचारलं. ते माझ्या नवऱ्याकडे बघत राहिले.

काका गेले. त्यांच्या मागून आलेली मोटरसायकल मात्र अजून समोर उभी आहे. दोघे बसलेत. काही बोलत नाहीत.

जाई, मी एकटी जाईन. तुझं नाव जाई लिहायला लावीन, पुढे स्त्री. पारलिंगी म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर तू सांगितलंस तसंच सांगेन. आणि साडीचंही सांगेन, काकांना तिथं बोलवायला लावून.

तुझी,
ताय