डबल बेल

४ ऑक्टोबर

निघालो! सकाळी सहाला कुलूप लावलं. ड्रायव्हरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दोनदा ओढून बघितलं, मी तिसऱ्यांदा. जिना उतरतो न उतरतो तोच लेकीचा फोन. "आई, चारशे किलोमीटर! वेड लागलंय का तुम्हा दोघांना? गाडीने जा, दर्शन घ्या, गाडीने या." म्हटलं, बाई गं, तीस वर्षं गाडीतच होतो आम्ही. आता पुरे.

नियम एकच, नवऱ्याने घातलेला. डोंगरमाथ्यावरच्या देवस्थानापर्यंत चाकावर बसायचं नाही. बस नाही, टेम्पो नाही, कोणाची सायकलसुद्धा नाही. बसलाच कोणी, तर परत त्याच जागी यायचं आणि तिथून पुढे चालायचं. ज्याने जन्मभर बस चालवली आणि जिने त्याच बसमध्ये तिकिटं फाडली, त्या जोडीने हा नियम करावा — कमालच आहे!

आज अठरा किलोमीटर. बूट टाचेला लागतात. हेही ड्रायव्हरनेच आणलेत, ओळखीतून म्हणे. खोकं नाही, पावती नाही, नंबर अर्धा मोठा. आत जाड कापडाचा तळवा बसवलाय, बारीक टाक्यांनी शिवलेला. कारखान्यात एवढी मेहनत कोण घेतं, कोण जाणे. "चालून चालून बसतील पायात," म्हणाला. बसतील तेव्हा बसतील. आज फोड आलाय.

५ ऑक्टोबर

फोड फुटला. तरी वीस.

७ ऑक्टोबर

माणूस रिटायर होतो, सवय रिटायर होत नाही. हा वळण आलं की चालतानाही उजवा हात बाहेर काढतो! आणि मी? मागे कोणी हळू चालताना दिसलं की तोंडातून निघतं, "चला, पुढे सरका." आज एका म्हातारबाबांना म्हटलं. ते बिचारे रस्ता सोडून कडेला उभे राहिले. ड्रायव्हर पोट धरधरून हसला. "मास्तर, गाडी रिकामी आहे," म्हणाला. गाडीवर कंडक्टरला सगळे मास्तर म्हणतात, हा घरीसुद्धा तेच म्हणतो. लग्नात पुकारलेलं माझं नाव याला आठवत तरी असेल का, देवाला ठाऊक.

पण फार दिवसांनी हसताना बघितलं त्याला. बरं वाटलं.

दुपारी टपरीवरच्या चहावालीने विचारलं, "कसला नवस आहे का हो?" हा म्हणाला, "नवस नाही. एका बाईंना चालत जायचं होतं, त्यांना जमत नाही. त्यांच्या वतीने चालतोय." चहावाली म्हणाली, "पुण्यवान माणसं!" तीन अंडी उकडून घेतली होती, दोन तशीच राहिली.

८ ऑक्टोबर

इथे तरी लिहावं. ही वही मी सोडून कोण वाचणार आहे?

त्या बाई म्हणजे शिवणवाली. आमच्या रूटवरची रोजची प्रवासी, कापडाचं गाठोडं घेऊन चढायची. दोन वर्षांपूर्वी गाडी सुटताना मागच्या दाराच्या पायरीवरून पडली. खुबा मोडला. आता घरातल्या घरात काठीवर. ड्रायव्हर तिला बघायला हॉस्पिटलात गेला होता. तिथून आला तो नुसता बसून राहिला. म्हणाला, "ती यंदा डोंगरावर चालत जाणार होती गं. सगळी तयारी झाली होती तिची."

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "बेल झाली होती का?" हा म्हणाला, "नाही साहेब. मी आपणच गाडी काढली."

मी दोन खुर्च्या सोडून बसले होते.

बेल झाली होती. मी दिली होती. डबल! पुढच्या दाराशी एका प्रवाशाशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होते आणि त्याच रागात दोरी ओढली. मागे बघितलंच नाही. आणि चौकशीत मूग गिळून बसले. त्याची नोकरी गेली. मी पुढची दोन वर्षं पूर्ण करून टाळ्यांच्या गजरात निरोप घेतला. त्या दिवशी हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता!

या गोष्टीवर आम्ही दोघं आजवर एक अक्षर बोललेलो नाही.

ठरवलंय. डोंगरावर पोचायच्या आत याच्याशी बोलायचं. तिथून परतलं की त्या बाईच्या दारात जायचं. पायाचं काही होवो.

९ ऑक्टोबर

नाही बोलले.

१० ऑक्टोबर

आजही नाही. पाऊस होता. पावसाला दोष देण्यात काय अर्थ, तोंड काही भिजलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

आज मोठा धीर करून म्हटलं, "ऐक ना." लगेच थांबला. "गुडघा दुखतोय?" मी म्हटलं, "हो." मग काय, धर्मशाळेच्या ओट्यावर बसवून तासभर तेल चोळलं माझ्या गुडघ्याला. जो दुखत नव्हता त्याला!

स्वतःचाच राग येतो. भर गर्दीत साठ माणसांवर आवाज चढवणारी बाई मी. एका माणसापुढे वाचा बसते.

१५ ऑक्टोबर

देव बघतो म्हणतात. गुडघा आता खरंच दुखतोय.

लेकीने फोनवर भांडण काढलं. "बाबांचं प्रायश्चित्त आहे, मान्य. तू कशाला फरफटत जातेस?" प्रायश्चित्त कोणाचं गं, पोरी! म्हटलं, "मी येणारच. विषय संपला."

थोड्या वेळाने एक ट्रक थांबला. "काका, काकू, बसा मागे, पुढच्या गावापर्यंत सोडतो." ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तू बस. नियम माझा आहे." मी काठी टेकत पुढे निघाले. मागून ट्रकवाल्याचा आवाज आला, "काकू कडक आहेत!" आहेच.

१७ ऑक्टोबर

उशीर झालाय, तरी आजचं आजच लिहिते.

घाटात चढणीवर एक बस आडवी उभी. माणसं खाली उतरलेली, आरडाओरडा. त्यांचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर कलंडला होता. छातीत कळ, तोंड राखाडी, घामाने शर्ट चिंब. कसाबसा ब्रेक मारला होता म्हणून सगळे वाचले. फोनला रेंज नाही. हॉस्पिटल चौदा किलोमीटर पुढे. कोणालाच एवढी मोठी गाडी येत नाही.

माझा माणूस रस्त्याच्या कडेला उभा. दोन वर्षांत त्याने कुठल्या चाकाला हात लावलेला नाही. शेजाऱ्याची स्कूटर सरकवायची तरी मला हाक मारतो. मी बघत होते. त्याच्या हाताची बोटं हलत होती, गिअर धरल्यासारखी.

"चल," मी म्हटलं. "नियम?" म्हणाला. "नियम मरू दे! माणूस मरतोय."

चढला. सीट मागे घेतली. त्या ड्रायव्हरला लांबच्या सीटवर आडवं केलं, त्यांच्या कंडक्टरने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माणसं भराभर चढली. मग याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, मागे बघ. बेल दे."

माझ्या डोक्यावरच दोरी होती.

मागचं दार बघितलं. एक आजोबा चढत होते, एक पाय अजून खाली. थांबले. त्यांना हाताला धरून आत घेतलं. पुन्हा बघितलं. खाली वाकून पायरी बघितली. मग चाकाजवळ बघितलं. कोणीतरी ओरडलं, "अहो बाई, वेळ का लावताय?" लावणारच! अजून एकदा बघितलं आणि मग दिली. टण टण.

गाडी त्याने अशी नेली की आजारी माणसाची मान हलली नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. वाचेल.

हॉस्पिटलच्या आवारात हा पायरीवर बसला होता. दोन्ही तळहात उलटे करून बघत होता. मी शेजारी बसले. म्हणाला, "चौदा किलोमीटर मागे जावं लागणार."

म्हटलं, "जाऊ की!"

१८ ऑक्टोबर

उलटे चाललो. लोक विचारत होते, देवस्थान तर तिकडे आहे, तुम्ही इकडे कुठे? ड्रायव्हर प्रत्येकाला सांगायचा, "गाडी चुकली." हसतही नव्हता मेला.

संध्याकाळच्या आत त्या वळणावर पोचलो. रस्त्यावर टायरचे काळे ओरखडे तसेच होते. याने तिथे बूट ठेवला. म्हणाला, "हं, इथून." आणि मी बोलले. चालता चालता नाही, उभी राहून, तोंडावर. "बेल मी दिली होती. मागे बघितलं नव्हतं. तू खोटं बोललास आणि मी ते बोलू दिलं."

त्याने बुटाने एक ओरखडा पुसून बघितला.

"दोन वर्षं लेट, मास्तर," म्हणाला.

मी रडले. रस्त्याच्या मधोमध, भोकाड पसरून. त्याने कडेला ओढलं, नाहीतर आमच्यासाठी दुसरी बस लागली असती.

विचारलं, राग नाही आला? "आला." बेलचा? "छे. बेल कोणाच्याही हातून जाते. माझंही आरशात बघायचं राहिलं, तुझी बेल आली की मी कधी बघतच नव्हतो. तीस वर्षं." मग कशाचा? म्हणाला, "तू तिला बघायला आली नाहीस. त्याचा आला. अजून आहे."

असू दे. माझाच आहे, मी घेऊन चालते.

२१ ऑक्टोबर

चढ, चढ आणि चढ. बावीस. बोलतोय आता आम्ही. भांडतोयसुद्धा! आज तर अर्धा तास नुसते यावरून की, त्या दिवशी तो पुढच्या दाराशी हुज्जत घालणारा प्रवासी चष्मेवाला होता की नव्हता. होता.

२३ ऑक्टोबर

बूट बसले एकदाचे पायात. कधी बसले तेच कळलं नाही. तळव्याचा एक टाकासुद्धा सुटलेला नाही, शिवणाऱ्याचा हात मानला पाहिजे.

२६ ऑक्टोबर

गुडघा सुजून टम्म. ड्रायव्हर म्हणतो, एक दिवस थांबू. मी म्हणते, थांबले तर परत उठायची नाही. शेवटचे अकरा राहिलेत. एक खांब ते दुसरा खांब, असं करत चालले. दर खांबाशी तो म्हणायचा, "स्टॉप आला, उतरणार का?" मी म्हणायची, "शेवटचा स्टॉप आहे माझा. तिकीट बघ."

२७ ऑक्टोबर

पोचलो! दोघंही. आपल्या पायांनी.

वारा इतका की पदर हातात धरावा लागला. लोक रडत होते, फोटो काढत होते. ड्रायव्हरने डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. मीही जोडले, पण मन सगळं खाली शहरात, त्या बाईच्या जिन्याच्या पायथ्याशी. काही मागितलं नाही. मागायला कोणत्या तोंडाने उभी राहणार होते? आधी तिकडे जाऊन येते, मग मागेन.

दुपारी पायरीवर बसून आमच्या ऑफिसला अर्ज लिहिला. तारीख, रूट, गाडीचा नंबर, माझा बिल्ला नंबर. बेल मी दिली होती. ड्रायव्हरने वाचला. "पेन्शन थांबवतील," म्हणाला. "थांबवू देत." त्याने एका ठिकाणी काना राहिला होता तो घातला आणि पाकीट स्वतः चिकटवलं. पेटीत मात्र मीच टाकलं.

२८ ऑक्टोबर

परतीला बस. नियम जातानाचाच होता. हट्टाने मागच्या दाराजवळची सीट घेतली. कंडक्टर नवी मुलगी, वेणी घट्ट, आवाज खणखणीत. प्रत्येक स्टॉपला मी तिच्याकडे बघत होते. बघत होती ती. मागे बघायची, मग दोरी. एकदाही चुकली नाही. उतरताना तिला म्हटलं, "छान." तिला वाटलं, म्हातारी वेडी आहे.

ड्रायव्हर म्हणाला, आधी घरी जाऊ, अंघोळ कर, उद्या जा. म्हटलं, नाही. घरी गेले की मला बरं वाटेल, आणि बरं वाटलं की मी जाणार नाही. ओळखते मी मला. तर म्हणाला, "आता अंधार पडला. ती बाई लवकर झोपते." बरोबर होतं त्याचं. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. स्वतःच्याच गावात लॉज!

तिची झोपायची वेळ याला कशी ठाऊक, हे विचारायचं राहिलं.

२९ ऑक्टोबर

सकाळी नऊला गेले. ड्रायव्हर खाली जिन्याशीच थांबला. कडी वाजवली. काठीचा आवाज जवळ आला, दार उघडलं. मी वाटेत घोकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं — बेल मी दिली होती, मागे बघितलं नव्हतं, दोन वर्षं गप्प बसले. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. खाली बघत होती, पायांकडे.

"वरपर्यंत गेले ना माझे बूट?" म्हणाली. "तुमचा पाय लहान आहे म्हणाले ते, म्हणून तळवा मुद्दाम जाड शिवला. आत या."