बैठक सुरू आहे

बाबा,

इथे सिंगापुरात, चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, एक बिनखिडकीची खोली आहे. युद्ध झालं तर आसरा घ्यायला म्हणून बांधतानाच केलेली. जाड भिंती आणि तिजोरीला शोभेल असं लोखंडी दार. सगळे तिला शेल्टर म्हणतात आणि तिच्यात सुटकेस, तांदळाच्या पिशव्या, जुने पंखे ठेवतात. आमच्याकडे त्या सामानाच्या पुढ्यात घरकामाला राहणारी बाई झोपते. जावाहून आलेली, चाळिशीची. तिची मुलं तिकडे तिच्या आईकडे आहेत. वरच्या फळीवर माझा एक खोका आहे, त्यात तुमचं शाळेतलं लाकडी पाठीचं डस्टर. तुम्ही गेल्यावर घरातून मी तेवढंच मागून घेतलं होतं. मध्यंतरी काही दिवस दुपारी त्या लोखंडी दारावर आवाज व्हायचा. दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक. अशी ठोकायची पद्धत कोणाची, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

वर्तमानपत्रातली नोकरी संपली तरी मुदत पाळायची सवय गेलेली नाही. सध्या मी मोठ्या मुलांसाठी एक पुस्तक लिहिते आहे, वेगवेगळ्या देशांनी आपापल्या राज्यघटना कशा केल्या त्यावर. पुण्याच्या प्रकाशकाला अमेरिकेचं प्रकरण हवं होतं, स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांचं. लिहायला बसले आणि संदर्भाच्या पुस्तकांआधी तुमचा वर्ग आठवला. वर पत्रे, एप्रिल महिना. धड्यात या विषयाला चारदोन ओळी आहेत, पण तुम्ही सगळ्या खिडक्या लावायला सांगता. "तेही भर उन्हाळ्यात असेच बसले होते," तुम्ही म्हणता, "दारं-खिडक्या बंद, बाहेर पहारा. नवा देश कसा चालवायचा ते ठरवत होते. बाहेर कोणाला ऐकू जाता कामा नये." आम्हाला राज्यं वाटून दिली जातात. एकाला मात्र राज्य मिळत नाही. त्याच्या हातात डस्टर देऊन तुम्ही त्याला बाहेर काढता. त्याने तुम्ही दाखवलेल्या पद्धतीने, दोन लागोपाठ आणि मग एक, असं दार ठोकायचं आणि आतून आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "बैठक सुरू आहे!" घामाने आमचे शर्ट पाठीला चिकटलेले, तरी आधी हसू येतं. मग ठोकणं थांबत नाही आणि हळूहळू हसू बंद होतं.

एकदा मी उठून कडी काढली. शाळेत मी तुम्हाला सर म्हणायचे, पण त्या दिवशी तोंडून बाबाच गेलं. "बाबा, त्याला ऊन लागतंय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तसं घरी कधी पाहिलं नव्हतंत. "त्यांनी उघडलं नव्हतं. इतिहासात नसलेला चांगुलपणा तू घालू नकोस." मग फळ्याकडे वळून सांगितलंत, की त्यांनी केलेल्या त्या अख्ख्या राज्यघटनेत गुलाम हा शब्दच नाही. 'इतर व्यक्ती' असं लिहून भागवलं. आणि बाहेरून गुलाम आणायचा धंदा वीस वर्षं बंद करता येणार नाही, असं आत बसून ठरवलं. "मुदत घेतली त्यांनी. मुदत मागणारा नेहमी खोलीच्या आतलाच असतो." गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीतली आम्ही चार-पाच पोरं त्या वर्गात होतो. हा धडा तुम्ही एवढा जीव तोडून का शिकवता, ते आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मागे एका रविवारी आमच्या घरातही बैठक बसली. बाई सुट्टीवर बाहेर गेली होती. जाण्याआधी तिने सुनेला विचारलं होतं, की शेल्टरमध्ये रात्री जीव घुसमटतो, आजींच्या खोलीत जमिनीवर गादी टाकू का? माझ्या खोलीला मोठी खिडकी आहे, खाली झाडं दिसतात. आम्ही सगळे मुलाच्या खोलीत बसलो होतो, एसी चालू होता म्हणून दार-खिडक्या लावलेल्या.

"आत पंखा आहे ना, आई," सून म्हणाली. "दार पण उघडंच ठेवते ती."

"आणि तुझं लिखाण?" मुलगा म्हणाला. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात आठवडाभर राबून आलेला, डोळे मिटूनच बोलत होता. "नंतर म्हणशील, मला एकांत नाही."

"सिंपल लाह," नात इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "आजीच्या रूममध्ये नाहीतरी बुक्सच झोपतात."

सगळे हसले. तेवढ्यात दार वाजलं. दोन लागोपाठ, मग एक. आणि माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, मोठ्याने गेलं, "बैठक सुरू आहे!"

मुलाने डोळे उघडले. "काय गं आई?" नातीने उठून दार उघडलं. "नोबडी लाह," ती म्हणाली. बोळाच्या टोकाला शेल्टरचं दार हातभर उघडं होतं आणि आतला अंधार दिसत होता. सुनेने विषय संपवायला विचारलं, "मग काय करायचं?" मीच म्हणाले, "माझं हे प्रकरण होऊ दे. मग बघू."

बाई संध्याकाळी आली. निरोप ऐकून "ओके, आजी" म्हणाली आणि भांडी लावायला लागली. मग पाठमोरीच तिने विचारलं, "आजी, आफ्टरनून व्हाय यू नॉक? आय ओपन, नोबडी." मी म्हटलं, मी नाही ठोकत. तिने वळून माझ्याकडे नीट पाहिलं. तिला ते खरं वाटलं नाही. माझ्या खोक्याला हात लावलास का, असं मी विचारणार होते, पण नाही विचारलं. नंतर स्टुलावर चढून मी खोका काढून पाहिला. दोरी होती तशीच बांधलेली. सोडली तर डस्टर आत होतं आणि माझी बोटं पांढरी झाली. खडूची पूड इतकी वर्षं ओली वाटेल अशी कशी राहते, मला माहीत नाही. आता ते माझ्या टेबलावर आहे. आवाज तरीही येतो. फरक एवढाच, की आता तो माझ्या खोलीच्या दारावर येतो.

पूर्वी माझं काही छापून यायच्या आधी मी तुम्हाला वाचायला पाठवायचे आणि तुम्ही समासात लाल शाईने प्रश्न लिहून परत करायचात. हे पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही एकच प्रश्न लिहिला असता, प्रकरण कधी होणार? बाबा, प्रकरण झालं आहे. मागच्या आठवड्यातच पुण्याला गेलं, तिकडून चांगलं जमलंय असं उत्तरही आलं. घरात मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. रोज दुपारी दार लावून टेबलाशी बसते, म्हणजे लिहिते आहे असं सगळ्यांना वाटतं.