महाराजांच्या कपाळावरचं टेंगूळ

…म्हणून मग ठरवलं, मिहिर, की लिहूनच टाकायचं. काल जेवताना बाळकाका म्हणाला, "चित्रातल्या महाराजांचं ते कपाळ साफ करून घेऊ, मग चांगलं गिऱ्हाईक मिळेल," आणि बाबा नुसती मान हलवत बसले. शनिवारी मी बाईकवर स्पितीला चाललेय. परत नाही आले, तर चित्र बाबांकडे, म्हणजे बाळकाकाकडेच.

तर मी, इरावती श्यामसुंदर टिपणीस, वय सव्वीस, राहणार मुलुंड पूर्व, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही जबरदस्तीशिवाय लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. आईचं मत वेगळं आहे, पण ती साक्षीदार नाही.

१. बाईक उरलीच, तर मैत्रीण अक्षताला. आधी ती न विचारता न्यायची, तशीच नेऊ दे.

२. बँकेत आहे ते आईला. तिने हसू नये.

३. नानाआजोबांनी मला दिलेलं स्वागत सोहळ्याचं तैलचित्र मिहिर, तुला. बाळकाका तुझे वडील, आणि त्यांना तोंडावर 'नाही' म्हणणारा घरात तू एकटाच.

चित्रात महाराज लढाई जिंकून वेशीत उभे आहेत, हत्ती कंटाळलाय, सुवासिनी तबक घेऊन पुढे येतायत. टिळा लागायच्या एक क्षण आधीचा प्रसंग. एकदम क्लास. पण वनमालापणजीला ते बघवेना. "माणूस कधीचा दारात उभा आहे, कोणी कुंकू लावत नाही?" म्हणाली आणि दसऱ्याला लावलं. खरंखुरं, कॅनव्हासवर. तेव्हापासून दर दसऱ्याला घरातली कोणीतरी लावतेच, थरावर थर. आता महाराजांना टेंगूळ आलंय.

४. ते टेंगूळ खरवडायचं नाही. खाली भारी ब्रशवर्क असणार, बघायला मीही मरतेय. तरी नाही. ते काढलं की महाराज परत दारात, आणि पणजीपासून आईपर्यंतच्या सगळ्या बायका चित्राबाहेर.

५. नवं कुंकू मात्र बंद, रंगाची वाट लागतेय. चित्राला काच बसव आणि दसऱ्याला काचेवर लाव.

हे माझं पहिलंच मृत्युपत्र, शेवटचं नसावं अशी इच्छा.

सही: इरावती टिपणीस
साक्षीदार: गंधाली वैद्य, राजेश धोंडू परब
मुलुंड पूर्व, ५ जून २०२५

ता. क. सह्या झाल्यावर आईने वाचलं. बाकी चालेल म्हणाली, पाचव्या कलमावर अडली. "काचेवर लावलेलं त्यांना पोचणार आहे का गं?" तुला काय वाटतं रे, पोचेल?