जाड पायांची अक्षरे कोणाला द्यावीत

मी, गॉटलीब श्पेर्लिंग, वय एकाहत्तर, धंदा छपाईचे लाकडी टाइप कोरण्याचा, राहणार ॲल्डर पॉइंट, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे माझा भाऊ म्हणेल. त्याचा डोळा घरावर आहे.

१. राहते घर मुलगी रोझालीला. जावयाला त्यात पाय ठेवू द्यायचा की नाही ते तिने ठरवावे. मी ठेवू दिला नसता.

२. छिन्न्या, कानशी आणि लाकूड मुरवायची मांडणी माझ्या कारखान्यातल्या कामगारांना. त्यांच्यातल्या ऑगस्टने आधी माझी नेलेली करवत परत करावी. त्याने नेली आहे, मला माहीत आहे.

३. माझ्या जाड अक्षराचे मूळ साचे. हीच माझी खरी इस्टेट. या अक्षराचे पाय चौकोनी, जवळजवळ त्याच्या उभ्या खांबांइतके जाड. पाय खांबाला मिळतो तिथे मी किंचित गोलाई ठेवली, म्हणजे कोपऱ्यात शाई साचत नाही आणि रस्त्यापलीकडून वाचणाऱ्यालाही अक्षर सलग दिसते. अंग अरुंद ठेवले, कारण लिलावाच्या कागदावर गायींची संख्याही मावावी लागते. सर्कस, बोटीची वेळ, हरवलेला घोडा, सगळे याच अक्षरात छापले जाते. हलक्या आवाजात बोलणे याला जमत नाही. यात छापलेले लोक खरे मानतात.

४. <s>हे साचे एमिल हावलिक, माझा जावई, याला कोणत्याही वाटेने मिळू नयेत.</s>

कारण असे. सहा वर्षांपूर्वी हे अक्षर विक्रीला जाण्याआधी मी ‘आर’च्या उजव्या पायाखाली मुद्दाम एक बारीक खाच ठेवली होती. कोणी चोरले तर कळावे म्हणून. एकही संच विकला गेला नव्हता, आणि उन्हाळ्यात एका फिरत्या सर्कशीचा कागद गोठ्याच्या भिंतीवर लागला. ‘आर’च्या पायात खाच! अक्षरांच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक माझी, एक तेव्हा माझ्याकडेच कोरणाऱ्या एमिलची. तो म्हणाला, “बाबा, आधी सरपणाची पेटी बघा.” मला वाटले, स्वतःची चोरी सरपण नेणाऱ्या गरिबांवर ढकलतोय. मी त्याच अक्षरात, मुठीएवढ्या उंचीत, ‘एमिल हावलिक चोर आहे’ छापून गिरणीच्या कुंपणावर, धक्क्यावर आणि चर्चच्या फाटकावर लावले. पाद्रीबुवा ते दोनदा वाचत उभे होते, मी पाहिले. तेव्हापासून एमिल दुसऱ्या गावी खोकी बनवतो. रोझाली नाताळला एकटी येते.

५. वरचे कलम मी खोडले आहे, पण वाचता येईल असे. त्याचे कारणही लिहून ठेवतो.

आज सकाळी साक्षीसाठी विधवा ओटिली प्रागर बाई आल्या. आमच्याकडे दर शनिवारी कोरताना बिघडलेली अक्षरे गावातल्या विधवांना सरपण म्हणून देतात. ही चाल माझीच. बाईंनी चौथे कलम वाचले आणि चष्मा काढला.

“ती अक्षरं? अहो, जाळायला जीव होईना. इतकी देखणी! सर्कशीचे कागद छापणाऱ्या जुळाऱ्याला देऊन टाकली. त्यानं डुकराची अख्खी मांडी दिली मला.”

“ती बुटकी होती,” मी म्हणालो. “छापता आलीच नसती.”

“खाली कागदाच्या घड्या घालीन म्हणाला.”

मी कोरलेला पहिलाच संच उंचीला कमी पडला होता. तो मीच सरपणाच्या पेटीत टाकला होता. खाचेसकट.

बाईंना कोणी शिकवून पाठवले असेल, असा संशय मला घटकाभर आला. पण मांडीचे वर्णन त्यांनी फार बारकाईने केले. एमिल चोर नव्हता. मी त्याची सहा वर्षे खाल्ली, आणि याची मला लाज वाटते.

६. साचे एमिल हावलिक यालाच.

७. <s>माझ्या मृत्यूनंतर वकिलाने ‘एमिल हावलिक चोर नाही, चूक माझी’ असा कागद त्याच तीन ठिकाणी लावावा. अक्षर तेच, उंची तीच. वकील लहान अक्षरात उरकेल, म्हणून प्रती मी स्वतः छापून ठेवीन.</s>

प्रागर बाई म्हणाल्या, “मेल्यावर होय? म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघायला नको!”

म्हणून सातवे कलमही रद्द. दुपारी प्रती छापल्या. खळीची बादली बाईंनी धरली. तीन ठिकाणे झाली, मग गाडीने एमिलच्या गावी जाऊन चौथी प्रत त्याच्या फाटकावर लावली. तो बाहेर आला. ‘आर’च्या पायावर बोट ठेवून वाचत राहिला. मला वाटले, आता हाकलणार.

“बाबा,” तो म्हणाला, “खाचेचा ‘आर’ अजून जपून ठेवलाय तुम्ही?”

“पुरावा म्हणून,” मी तो खिशातून काढून दाखवला.

“द्या इकडे. पाय नीट करून देतो.”

८. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील सांगतो, म्हणून प्रागर बाईंना मी काही ठेवत नाही. मात्र शनिवारचे सरपण त्यांना मिळत राहावे, आणि त्याचे त्या काय करतात हे कोणी विचारू नये.

हे सर्व मी कोणाच्या दडपणाखाली लिहिलेले नाही. बाईंचे थोडे होते.

सही: गॉटलीब श्पेर्लिंग
साक्षीदार: ओटिली प्रागर; क्लेमेन्स युंगब्लुट, न्हावी (यांनी कलमे वाचलेली नाहीत, निदान तसे म्हणतात)
ठिकाण: ॲल्डर पॉइंट. दिनांक १४ ऑक्टोबर १८९१, संध्याकाळी, एमिलच्या गावाहून परतल्यावर. खिशात ‘आर’ नाही.