देखाव्यातलं एक वाक्य

६ जुलै १९९७
माझी पोर मृणाली रोह्याहून पेणला परत आली. तिथल्या अष्टमी गावात मामाकडं महिनाभर ठेवली, तरी तोंड उतरलेलंच. आणि हातात घड्याळ नाय! विचारलं तर म्हणते, "दिशाला दिलं." मामेबहिणीला! दहावीला हट्ट करून घेतलेलं. कुणाला हात लावू द्यायची नाय. मी तोंडाला येईल ते बोलले. ती भिंतीकडं तोंड करून पडली.
ही वही तिचीच, कॉलेजची. निम्मी कोरी. बारावीत नापास झाली, आता कोण लिहिणार? म्हटलं मीच लिहिते. चौथीपर्यंतची शाळा माझी, पण लिहिता येतं.

९ जुलै
जेवली नाय.

२० जुलै
आळीतल्या पोरांचं डोकं फिरलंय. यंदा मंडळाचा जिवंत देखावा म्हणे नापास झालेल्या मुलीवर — जीव द्यायला निघते ती! गणपतीपुढं! अध्यक्ष हैबतराव उखडले. "लायटिंग करा, कारंजं करा. मरणाच्या गोष्टी कशाला?"
त्या पोरांतला प्रणित उठला. "आदर्श गेला तेव्हा सगळे ताप म्हणालात. पुढचा गेला की त्यालापण तापच म्हणायचा काय?"
आदर्श आळीतल्या विमलबाईचा मुलगा, प्रणितचा दोस्त. गेल्या वर्षी निकालानंतर गेला. ताप नव्हता, आख्ख्या आळीला ठाऊक हाय.
मुलीचं काम कोण करणार? आमच्या मृणालीनं आपणहून हात वर केला.

२१ जुलै
"नाय करायचं," मी सांगितलं. "असलं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते."
"मग निकालाच्या दिवशी तू काय बोललीस, आये?"
बोलले होते. भाकरी थापता थापता, रागात — यापेक्षा मेली असतीस तर सुटले असते.
ते परत कसं घेऊ? तेव्हापासून तिनं आतून कडी लावली की माझे कान दाराला.

३ ऑगस्ट
मूर्तींच्या कारखान्यात प्लास्टरचे गणपती घासून बोटं सोललीत. तशाच पांढऱ्या हातांनी तालमीला गेले. पोरांनी मरण काढून टाकलंय! प्रणित आणि मंडळातली नम्रता अलिबागला मनाच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आली. बाई म्हणाल्या, मरण दाखवू नका, विचारणारं माणूस दाखवा. आता मुलगी गप्प बसलेली, शेजारची बाई येते, हात धरते, विचारते. संपलं.
मग नम्रता फलक वाचायला लागली. कुणी खचलं तर खुणा काय. जेवण तुटतं. बोलणं तुटतं. आवडीच्या वस्तू दुसऱ्याला देऊन टाकतात —
घड्याळ!
पुढचं काय वाचलं ठाऊक नाय.

४ ऑगस्ट
विचारू? नसलेलं मीच तिच्या डोक्यात घातलं तर? प्रणितला आडून विचारलं. पोरगा हसला नाय. "सगुणाकाकी, विचारल्यानं कुणी मरत नाय. मी दोनदा विचारून घेतलं बाईंना. आदर्शला आम्ही नाय विचारलं."
सांगायला काय जातंय त्याचं!
घरी येऊन दाराची आतली कडी स्क्रू काढून काढली. मृणाली नुसती बघत होती.

१७ ऑगस्ट
विचारणाऱ्या बाईचं काम करायला कुणी तयार नाय. विमलबाई म्हणाली, "माझ्या तोंडातून नाय निघणार गो. तू कर. तुझा आवाज पार नाक्यावर जातो."
घेतलं. एकच वाक्य — "जीव नकोसा झालाय का गो? मला सांग." तालमीत वीसदा बोलले. घरात एकदा नाय निघत. ताट वाढते, तोंड उघडते, आणि म्हणते, "मीठ हवं का?"

५ सप्टेंबर
गणपती बसले. आठ वेळा पडदा उघडला, आठ वेळा विचारलं. मृणालीनं फक्त मान खाली घालून बसायचं, तिला बोलणं नाय. हैबतरावांनी डोळे पुसले. म्हणे, उदबत्तीचा धूर गेला.

६ सप्टेंबर
गर्दी. दरवेळी तिचा हात धरते. थंडगार. माणसाचा हात सप्टेंबरात एवढा थंड असतो?

८ सप्टेंबर, सकाळ
कालच्या शेवटच्या खेळाला वाक्य तोंडात आलंच नाय. सगळे बघतायत. मी खाली बसले तिच्यासमोर. जे आलं ते बोलले, "मृणाले, निकालाच्या दिवशी बोलले ते खोटं होतं गो. तुला मरावंसं वाटतंय का?"
तिला बोलणं नव्हतं.
"व्हय, आये."
लोकांना वाटलं देखावाच. टाळ्या वाजल्या.
डॉक्टरीणबाईंकडं जायचंय, प्रणित अलिबागच्या एसटीत जागा धरायला गेलाय. तिचा हात अजून सोडला नाय. हे डाव्या हातानं लिहितेय.